काचेच्या पेटीत सह्याद्रीचे पाणी

घरात मासे पाळणे आणि घरात पाण्याखालची बाग लावणे या दोन गोष्टी वरवर पाहता एकच वाटतात. दोन्हींस काचेची पेटी लागते, दोन्हींत दिवा असतो आणि दोन्हींत मासे हिंडताना दिसतात. तथापि पहिल्या छंदात मासा हा मुख्य असून बाकी सारे त्याच्या सोयीसाठी असते, तर दुसऱ्या छंदात वनस्पती हीच मुख्य असून मासे, कोळंबी, गोगलगाई आणि डोळ्यांस न दिसणारे कोट्यवधी जिवाणू हे तिच्या संसारातील भागीदार असतात. या दुसऱ्या प्रकारास छांदिष्ट मंडळी ‘प्लँटेड टँक’ म्हणतात आणि त्याविषयीच येथे चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्या सांगताना नाहूरसारख्या एका उपनगराचा आधार घेतला आहे, कारण या छंदाचे पहिले आणि शेवटचे द्रव्य जे पाणी, ते या उपनगराच्या अगदी उशाशी शुद्ध होते.

नाहूर हे मध्य रेल्वेवरील भांडुप आणि मुलुंड यांच्यामधले स्थानक २००६ साली सुरू झाले. त्याच्या पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडून गेल्यावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या लागतात, पूर्वेस द्रुतगती महामार्गापलीकडे मिठागरे आणि ठाण्याची खाडी पसरलेली आहे, आणि या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, जेथे एके काळी कारखान्यांची धुराडी होती तेथे, आता वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. अशा इमारतीत राहणाऱ्या माणसाच्या वाट्यास जमीन येत नाही. फार तर खिडकीच्या जाळीत चार कुंड्या येतात. ज्यास हिरवळीची ओढ आहे पण अंगण नाही, त्याने दोन फूट लांबीच्या काचेच्या पेटीत आपली हौस भागवावी हे स्वाभाविकच होय. मात्र हा छंद हाती घेणारा माणूस पुष्कळदा आपले सारे ज्ञान जपानी आणि जर्मन ग्रंथांतून आणि परदेशी बाटल्यांवरील सूचनांतून घेतो, आणि आपल्या नळातून जे पाणी येते ते कोठून येते, कोणत्या गुणाचे असते, याची चौकशी मात्र करीत नाही. वस्तुतः या चौकशीनेच छंदाचा आरंभ झाला पाहिजे.

मुंबईस नळाचे पाणी प्रथम विहार तलावातून मिळाले; तो १८६० साली पुरा झाला. त्यामागून १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा आला, पुढे वैतरणेवर मोडकसागर आणि अप्पर वैतरणा ही धरणे बांधली गेली, भातसा आले आणि २०१४ साली मध्य वैतरणा तयार झाले. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आणि त्याच्या पायथ्याशी पडणारा पाऊस यांपैकी बहुतेक जलाशयांत साठतो आणि त्यांपैकी बहुतांश पाणी भांडुप संकुलातील जलशुद्धीकरण केंद्रात येऊन, गाळले जाऊन आणि क्लोरीनची मात्रा घेऊन शहरात जाते. हे पाणी मुख्यतः चार महिन्यांत कोसळलेल्या पावसाचे असते. ते काळ्या कातळावरून वेगाने वाहत येते आणि वाटेत त्यास चुनखडीचा सहवास जवळजवळ घडत नाही. परिणामी त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार अल्प असतात. म्हणजेच ते मृदू असते. युरोपातील कित्येक शहरांत, जेथे नळास चुन्याचे पाणी येते, तेथील छांदिष्टांस यंत्रे लावून आणि पैसे खर्चून जे मृदू पाणी तयार करावे लागते, ते मुंबईकरास तोटी फिरविताच मिळते. पाणवनस्पतींपैकी पुष्कळशा जाती उष्ण कटिबंधातील ओढ्यांच्या, म्हणजे मृदू पाण्याच्याच, रहिवासी असल्यामुळे ही देणगी लहान नव्हे.

मात्र येथे एका गोष्टीची रुजुवात करून घेणे अगत्याचे आहे. नाहूरमधील कित्येक सोसायट्यांत महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअरचे पाणीही वापरात असते, आणि टंचाईच्या दिवसांत टँकरही येतात. खाडीच्या बाजूस जसजसे जावे तसतसे जमिनीतील पाणी मचूळ होत जाते. असे पाणी पेटीत गेल्यास नाजूक वनस्पती पिवळ्या पडतात आणि मालक बिचारा खताचा दोष शोधीत बसतो. म्हणून ज्या तोटीस निर्विवादपणे पालिकेचे पाणी येते तीच तोटी यासाठी राखून ठेवावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांस आणि उपयुक्त जिवाणूंस घातक असतो. तो घालविण्यासाठी पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे अथवा छायाचित्रकार जो ‘हायपो’ वापरीत असत, त्याच सोडियम थायोसल्फेटचे थोडे द्रावण त्यात घालावे. बाजारात मिळणाऱ्या क्लोरीननाशक बाटल्यांपैकी पुष्कळांत मुख्य द्रव्य तेच असते.

बंद पात्रात प्राणी आणि वनस्पती यांचा समतोल राखता येतो, ही गोष्ट प्रयोगाने दाखवून देण्याचा मान लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याच्याकडे जातो. त्याने बारा गॅलनांच्या पात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची, फितीसारख्या पानांची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू पुरवी आणि मासे जगत; परंतु जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने त्यात तळ्यातील गोगलगाई सोडल्या, त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाल्ले आणि पात्र पुन्हा निर्मळ झाले. १८५० साली त्याने हा वृत्तांत लंडनच्या रसायनशास्त्रीय संस्थेपुढे मांडला. व्हॅलिस्नेरिया ही आपल्याकडील तळ्यांतही वाढणारी वनस्पती आहे, हे आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वॉरिंग्टनला जे ठाऊक नव्हते ते पुढे उलगडले. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया उत्पन्न होतो आणि तो अल्प प्रमाणातही विषारी असतो. जिवाणूंचा एक वर्ग त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतो, दुसरा वर्ग नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये करतो. १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी या जिवाणूंचा छडा लावला. नव्या पेटीत या जिवाणूंची वसाहत वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात बसावयास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, आणि पेटी आणली त्याच दिवशी मासे सोडणाऱ्याच्या घरी मासे मरतात त्याचे कारण बहुधा हेच असते. वनस्पतियुक्त पेटीचा मोठा फायदा असा की बहुतेक पाणवनस्पती नत्राचा घास घेताना नायट्रेटपेक्षा अमोनियास प्राधान्य देतात. त्यामुळे जोमाने वाढणारी वनस्पती जिवाणूंच्या आधीच विष उचलते. आरंभी वनस्पती दाट लावावी आणि मासे मागाहून व थोडे थोडे आणावेत, हा नियम यावरूनच निघतो.

पेटीच्या आकाराविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद व उंच पेटीत सुमारे छप्पन्न लिटर पाणी मावते आणि वाळू, दगड व काच धरून तिचे वजन पाऊणशे किलोंच्या घरात जाते; चार फुटी पेटीचे वजन तीनशे किलोंच्या वर जाते. राहत्या घराची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला दोनशे किलोंचा भार गृहीत धरून आखलेली असते. म्हणून मोठी पेटी खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईवर, भिंतीलगत ठेवावी आणि शंका असल्यास जाणकारास विचारावे. तळासाठी वाळू घेताना ती खाडीकाठची नसावी, कारण तिच्यातील शिंपल्यांचा चुरा पाण्यात विरघळून त्याचा मृदुपणा घालवितो. वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फेस आला तर ती वाळू बाजूस सारावी. सजावटीस संगमरवर वर्ज्य, पण आपला काळा पाषाण सर्वथा निर्धोक आहे.

आता या विद्येचे जे मर्म, त्याकडे वळू. वनस्पतीस प्रकाश, कर्ब आणि पोषणद्रव्ये या तीन गोष्टी लागतात, आणि जी सर्वांत कमी असेल तीच वाढीचा वेग ठरविते. नवखा माणूस प्रकाशाच्या मागे लागतो, कारण दिवा विकत मिळतो आणि डोळ्यांस दिसतो. परंतु पाण्याखाली खरी टंचाई असते ती कर्बाची. वायुरूप पदार्थ हवेत जितक्या सहजपणे पसरतात त्याच्या सुमारे दहा हजारपट मंदगतीने ते पाण्यात पसरतात, आणि हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात कार्बन डायऑक्साइड जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो. अशा स्थितीत दिवा प्रखर केला म्हणजे वनस्पतीची मागणी वाढते, पुरवठा मात्र तेवढाच राहतो. ती उपाशी पडते आणि अल्पसंतुष्ट शेवाळ त्या रिकाम्या जागेवर आपला अंमल बसविते. काचेवर हिरवा थर, पानांच्या कडांवर काळी दाढी आणि पाण्यात तरंगणारे हिरवे तंतू या साऱ्यांची कैफियत ऐकल्यास शेवटी तिचा निकाल बहुधा एकच निघतो की प्रकाश जास्त आणि कर्ब कमी, किंवा कर्ब आज आहे आणि उद्या नाही.

यावर दोन मार्ग आहेत. एक मार्ग कर्ब वाढविण्याचा. सिलिंडर, रेग्युलेटर आणि डिफ्यूझर यांच्या साहाय्याने पाण्यात कर्बवायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात आणि त्याचे प्रमाण लिटरमागे वीस ते तीस मिलिग्रॅम राखतात. पेटीत टांगलेल्या लहानशा काचपात्रातील सूचक द्रावण निळे असेल तर वायू अपुरा, हिरवे असेल तर ठीक, पिवळे झाले तर मासे धापा टाकू लागण्याची वेळ आली असे समजावे. रात्री वनस्पती कर्ब घेत नाही, उलट सोडते. म्हणून दिवा मालवण्याच्या तासभर आधीच वायू बंद करण्याची तजवीज असावी. मृदू पाण्यात सामू (pH) झपाट्याने खाली उतरतो, त्यामुळे मुंबईकराने तर ही दक्षता दुपटीने घ्यावी. दुसरा मार्ग मागणी कमी करण्याचा. अमेरिकेतील डायना वॉल्स्टड यांनी १९९९ साली आपल्या ग्रंथातून तो लोकप्रिय केला. तळाशी इंचभर साधी माती, तिच्यावर इंचभर वाळूचे पांघरूण, मध्यम प्रकाश, वेगाने वाढणाऱ्या वनस्पतींची दाट लागवड आणि मोजके मासे. मातीतील सेंद्रिय द्रव्य जिवाणूंच्या कृतीने हळूहळू विघटित होऊन कर्ब पुरविते. यासाठी कुंडीची माती चाळून, दोनचारदा भिजवून व वाळवून घ्यावी. तीत शेणखत मात्र मुळीच नसावे, कारण त्यातून अमोनियाचा लोट उठतो. आमचे मत विचाराल तर नाहूरच्या लहान घरात, जेथे नोकरदार माणूस सकाळी लोकल पकडतो आणि रात्री परततो, तेथे हा दुसरा मार्गच अधिक श्रेयस्कर आहे. सहा ते आठ तासांचा प्रकाश, त्यास घड्याळी स्विच, आणि दर आठवड्यास चौथाई पाण्याची बदली एवढ्यावर अशी पेटी वर्षानुवर्षे चालते.

मुंबईच्या हवामानाची अडचण उष्म्याची आहे. पाणी जितके तापेल तितका त्यात प्राणवायू कमी विरतो. पंचवीस अंशांस लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, तर तीस अंशांस ७.५. त्याच वेळी माशांची आणि जिवाणूंची प्राणवायूची गरज वाढलेली असते. पृष्ठभागावर लहान पंखा लावल्यास बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. परंतु जूनच्या तोंडास हवाच ओलीचिंब झाली म्हणजे पंख्याचा गुण कमी होतो. त्या दिवसांत पाणी खेळते ठेवणे आणि मासे मुळातच कमी ठेवणे यासारखा उपाय नाही.

जपानमधील नीगाता येथील ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी या छंदास कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. मूळचे सायकलपटू आणि पुढे निसर्गाचे छायाचित्रकार असलेल्या या गृहस्थाने दगड, लाकूड, शेवाळी आणि तृणसदृश वनस्पती यांतून पेटीत अवघे डोंगरउतार उभे केले. लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५ साली खुली झालेली त्यांची चाळीस मीटर लांबीची पेटी ही त्यांची अखेरची मोठी कृती. हॉलंडमधील पद्धत याहून जुनी. तीत फुलझाडांच्या वाफ्यांप्रमाणे निरनिराळ्या रंगांच्या वनस्पतींच्या ओळी लावतात. दोन्ही पद्धती अभ्यासण्याजोग्या खऱ्या, परंतु अमानोंनी आपल्या गावाभोवतीचे डोंगर आणि नद्या आयुष्यभर पाहिल्या आणि त्यांतून आपली शैली घडविली, ही गोष्ट त्यांचे अनुकरण करणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

आपणांस पाहण्यासारखे काय कमी आहे? परदेशी पेट्यांत मानाने मिरविणाऱ्या कित्येक वनस्पतींचे कुळ सह्याद्रीत नांदते. क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस या जाती कोकणातील ओढ्यानद्यांच्या पात्रात आढळतात. पावसाळ्यात त्या वाहत्या पाण्याखाली बुडालेल्या असतात. पुढे पाणी ओसरले म्हणजे उघड्या पडतात आणि त्याच सुमारास चिखलातून त्यांचा पीळदार फुलोरा वर येतो. पाण्यात एक प्रकारची पाने आणि हवेत दुसऱ्या प्रकारची, असा हा दुहेरी कारभार आहे. हे एकदा समजले म्हणजे दुकानातून आणलेली वनस्पती पेटीत लावल्यावर पंधरा दिवसांत आपली सारी पाने का टाकते, याचा उलगडा होतो. रोपवाटिकेत ती पाण्याबाहेर, ओलसर हवेत वाढविलेली असते. ती पाने जलवासास निरुपयोगी म्हणून वनस्पती त्यांस टाकते आणि मुळांच्या जोरावर नवी पाने धरते. अधीर मालक या वेळी तिला उपटून फेकतो. त्याने कुजकी पाने तेवढी काढून टाकावीत आणि मुळांस हात लावू नये.

तीच गोष्ट अपोनोजेटॉनची. साताऱ्याजवळील कास पठारावर ‘वायतुरा’ नावाची जी वनस्पती पावसाळी डबक्यांत फुलते, ती या वंशातील असून अपोनोजेटॉन सातारेन्सिस या नावाने १९८२ साली शास्त्रास परिचित झाली. महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या माथ्यावरची ती प्रदेशनिष्ठ जात आहे. जांभ्या दगडावरील वीतभर मातीत ती पावसापुरती जगते आणि डबके आटले की कंदरूपाने पुढील मृगापर्यंत झोपी जाते. याच वंशातील ज्या जाती बाजारात कंदरूपाने मिळतात त्याही पेटीत काही महिने जोमाने वाढून अकस्मात पाने गाळतात. त्या मेलेल्या नसून विश्रांती घेत असतात. कंदास काही काळ तसेच राहू द्यावे, तो पुन्हा फुटतो. कासवरील गेंद आणि कुमुदिनी, कोकणातील भातखाचरांच्या बांधालगतची आंबुली, रोटालाच्या लालसर जाती, ओल्या जागी पसरणारी ब्राह्मी, या सर्वांची भावंडे जगभरच्या पेट्यांत आहेत. ज्याने भाद्रपदात एकदा तरी सड्यावरच्या डबक्याशी बसून या वनस्पती निरखिल्या, त्यास कोणत्या रोपास किती ऊन आणि किती पाणी द्यावे हे ग्रंथातून शिकावे लागत नाही.

निरखाव्यात, उपटू नयेत, हे मात्र निक्षून सांगितले पाहिजे. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे आणि तेथील काडीसही हात लावण्यास मनाई आहे. पण जेथे मनाई नाही तेथेही प्रदेशनिष्ठ जातीचा एक गड्डा उचलणे म्हणजे तिच्या आधीच तुटपुंज्या वसतीस ओरबाडणे होय. केरळातील नद्यांत राहणाऱ्या, लाल पट्ट्याच्या ‘मिस केरळ’ माशाचा दाखला ताजा आहे. परदेशी बाजारात भाव आला तसा तो नद्यांतून बेसुमार पकडला गेला आणि कित्येक ठिकाणी विरळ झाला. २०१३ साली त्याच्या वंशास शास्त्रज्ञांनी ‘सह्याद्रिया’ असे नाव दिले, तोवर त्याच्यावर ही आपत्ती ओढवून गेली होती. वनस्पती घ्यावयाची ती रोपवाटिकेतील किंवा ऊतिसंवर्धनाने वाढविलेली घ्यावी.

माशांविषयी थोडक्यात. मुंबईत मत्स्यालयाची गोडी लावण्यात चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयाचा वाटा मोठा आहे. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी काचेआडचा मासा प्रथम तेथे पाहिला. तेथील अभिरक्षक राहिलेले बी. एफ. छापगर यांनी साने यांच्यासह १९९२ साली गोवा-कोकणच्या ओढ्यांतील एका सुंदर, काळ्या पट्ट्यांच्या लहान माशाचे शास्त्रीय वर्णन केले आणि मत्स्यव्यवसाय खात्याचे एके काळचे संचालक डॉ. सेटना यांचे नाव त्यास दिले. आज तो पेथिया सेटनाय या नावाने ओळखला जातो. दोन फुटी पेटीत लहान बार्ब अथवा डॅनियो यांचा आठ-दहांचा थवा पुरेसा आहे. चार निरनिराळ्या जातींचे दोन-दोन मासे ठेवण्यापेक्षा एकाच जातीचा थवा ठेवावा; थव्यात राहणारा मासा एकटा पडला म्हणजे पानाआड दडून बसतो.

शेवटी एका विनंतीवाचून हा लेख पुरा करणे योग्य होणार नाही. नाहूरहून फार दूर नसलेल्या पवई तलावावर जलपर्णीचे जे हिरवे आच्छादन वारंवार पसरते, ती वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील असून शोभेसाठीच जगभर नेली गेली. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात जो काटेरी ‘सकर’ मासा येतो, तोही दक्षिण अमेरिकेचाच. काच साफ करणारा म्हणून तो दुकानांत विकला जातो आणि हातभर वाढला की कोणी तरी ‘पुण्य’ म्हणून त्यास पाण्यात सोडतो. केरळातील कालव्यांत माजलेली काबोम्बा हीसुद्धा मत्स्यालयातलीच वनस्पती आहे. म्हणून छाटलेली वनस्पती कडक उन्हात पुरती वाळवून मगच कुंडीच्या खतात घालावी, नकोसे झालेले मासे दुकानदारास किंवा दुसऱ्या छांदिष्टास द्यावेत, आणि पेटीतील पाणी झाडांच्या कुंड्यांस घालावे, त्यात नत्र असल्यामुळे ती तरारतात. परंतु तलावात, नाल्यात किंवा खाडीत पेटीतील एक पानसुद्धा जाऊ देऊ नये, एवढे प्रत्येक वाचकाने कृपा करून पाळावे.